चायकोव्स्कीचं आयुष्य कोणी झाकलं? एका नाटकाच्या निमित्ताने

जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात रशियन संगीतकार चायकोव्स्कीवरच्या 'अवर ग्रेट चायकोव्स्की' या एकपात्री नाटकाचा पहिला प्रयोग झाला. लिहिणारा, काम करणारा आणि पियानो वाजवणारा माणूस एकच, हर्शी फेल्डर. तो मूळचा कॅनडातल्या माँट्रियलचा. शोपाँ, बेथोवन, गर्श्विन, बर्नस्टाइन यांच्या भूमिका त्याने आधी अशाच, पियानोवर बसून, गोष्ट सांगत सांगत केल्या होत्या. या नाटकाचं दिग्दर्शन ट्रेव्हर हे यांचं.

नाटक सुरू होतं ते एका पत्रापासून. पत्र रशियातून आलेलं आहे. आमच्या थोर चायकोव्स्कीवरचा प्रयोग आमच्याकडे येऊन करा, असं आमंत्रण. मग फेल्डर चायकोव्स्की होतो, दीडशे वर्षं मागे जातो, पुन्हा आजच्या काळात येतो, आणि जावं की जाऊ नये हा प्रश्न प्रयोगभर डोक्यावर राहतो. अडचण अशी की हा थोर संगीतकार समलिंगी होता, आणि ज्या देशाला त्याचा एवढा अभिमान आहे त्याच देशात ही गोष्ट मोठ्याने सांगायला कायद्याने आडकाठी आहे.

एवढं कळलं की नाटकाचा विषय कळला, असं वाटू शकतं. पण खरा गुंता पुढे आहे. 'लपवलेलं आयुष्य' म्हणताना ते लपवलं कोणी, हे क्वचितच विचारलं जातं. माझं म्हणणं असं की चायकोव्स्कीने स्वतः जेवढं लपवलं, त्याच्या कितीतरी पट ते त्याच्या मृत्यूनंतर इतरांनी लपवलं. त्या इतरांची नावं आहेत, सालं आहेत, छापील पुरावे आहेत. ते एकेक करून पाहू.

आधी माणूस कोण ते

प्योत्र इल्यिच चायकोव्स्कीचा जन्म 1840 मध्ये उरल पर्वताच्या बाजूला वोत्किन्स्क गावी झाला. सेंट पीटर्सबर्गच्या कायदा शिकवणाऱ्या निवासी शाळेत त्याची नऊ वर्षं गेली. मग न्याय मंत्रालयात कारकुनी. 1862 मध्ये तिथली कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीताचं महाविद्यालय, सुरू झालं आणि हा कारकून विद्यार्थी म्हणून तिथे गेला. 1866 पासून मॉस्कोत संगीताचा शिक्षक. 'स्वान लेक', 'स्लीपिंग ब्यूटी', 'नटक्रॅकर' हे तीन बॅले, 'येवगेनी अनेगिन' हा ऑपेरा, सहा क्रमांकित सिम्फन्या (पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना), पियानो आणि व्हायोलिनचे कॉन्चेर्तो (एक मुख्य वाद्य आणि सोबत वाद्यवृंद) हे सगळं त्याचं. मुंबईत एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमांतूनही त्याच्या रचना ऐकायला मिळतात.

रशियात त्याला राष्ट्रीय संगीतकार म्हणतात तेव्हा त्यात केवळ लोकप्रियता नसते. मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीला त्याचं नाव आहे. 1958 पासून त्याच्या नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. ऑगस्ट 1991 मध्ये गोर्बाचेव्हविरुद्ध बंडाचा प्रयत्न झाला तेव्हा सोव्हिएत टीव्हीवर बातम्यांच्या जागी 'स्वान लेक' दाखवत राहिले. उत्तेजक औषधांच्या प्रकरणामुळे टोकियो आणि बीजिंग ऑलिम्पिकमध्ये रशियन खेळाडूंना स्वतःचं राष्ट्रगीत वापरायला मनाई होती. कोणी सुवर्णपदक जिंकलं की राष्ट्रगीताऐवजी चायकोव्स्कीच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्तोचे सूर वाजत. एखाद्या माणसाची धून जेव्हा राष्ट्रगीताच्या जागी बसते, तेव्हा त्याच्या खासगी आयुष्यावर कितीजणांची मालकी सांगायची तयारी असेल, याचा अंदाज यावा.

कळलं कसं?

त्याच्याच पत्रांतून. त्याची पाच हजारांहून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत. त्याचे दोन जुळे धाकटे भाऊ होते, मोदेस्त आणि अनातोली, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. मोदेस्त स्वतःही समलिंगी होता. त्यामुळे त्याला लिहिताना प्योत्रला काही आडून बोलावं लागत नसे.

सप्टेंबर 1876 च्या एका पत्रात तो मोदेस्तला कळवतो की आपण लग्न करायचं ठरवलं आहे. आपली ओढ हीच आपल्या सुखातली सर्वात मोठी अडचण आहे, तिच्याशी झगडायला हवं, आणि घरच्यांसाठी, विशेषतः वडिलांसाठी, हे करायला हवं, असा त्या पत्राचा सूर आहे. चारेक महिन्यांनी, जानेवारी 1877 मध्ये, तोच माणूस त्याच भावाला लिहितो की मी प्रेमात पडलोय. कोणाच्या? इओसिफ कोतेक नावाच्या तरुण व्हायोलिनवादकाच्या, जो त्याचा विद्यार्थी होता. हे पत्र मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात ना अपराधीपणा आहे ना वैद्यकीय भाषा. प्रेमात पडलेला कोणीही जसं लिहील तसं ते लिहिलेलं आहे.

दहा वर्षांनंतरच्या, 1887 च्या डायरीत एदुआर्द झाक नावाच्या मुलाची आठवण येते. हा झाक 1873 मध्ये एकोणिसाव्या वर्षी आत्महत्या करून गेला होता. इतक्या वर्षांनी चायकोव्स्की लिहितो की त्याच्याइतकं दुसऱ्या कोणावर मी बहुधा प्रेम केलं नसेल.

इथे एक सावधगिरी. त्याच्या 1884 च्या डायरीत 'झेड' या अक्षराने दाखवलेली एक अस्वस्थ भावना वारंवार येते. काही अभ्यासकांनी ती समलिंगी ओढीची खूण मानली. काहींनी पत्ते खेळताना होणाऱ्या चिडचिडीशी ती जोडली. इतकी स्पष्ट पत्रं हाताशी असताना एका अक्षरावर इमला रचायची गरजच नाही, असं मला वाटतं. जिथे तो सरळ बोललाय तिथे ऐकावं, जिथे नाही तिथे त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत.

कायदा काय म्हणत होता

झारच्या, म्हणजे सम्राटाच्या, रशियात पुरुषांमधले लैंगिक संबंध हा गुन्हा होता. 1845 च्या दंडसंहितेच्या कलम 995 नुसार शिक्षा होती हक्क काढून घेऊन सायबेरियात पाठवण्याची. आपल्याकडे इंग्रजांनी असे संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 आणलं ते त्यानंतर काही वर्षांतच. म्हणजे ही दोन साम्राज्यं त्या काळात एकाच दिशेने कायदे करत होती. पण रशियात वरच्या वर्गावर हे कलम क्वचितच चालवलं जाई. चायकोव्स्की शिकला त्याच कायद्याच्या शाळेत शिकलेला प्रिन्स मेश्चेर्स्की हा याचा ठळक नमुना. त्याच्याबद्दल सगळ्या पीटर्सबर्गला माहीत होतं, 1887 मध्ये प्रकरण चव्हाट्यावरही आलं, तरी झारची त्याच्यावरची मर्जी टिकली.

मग चायकोव्स्कीला भीती कशाची होती? कुजबुजीची. 1878 मध्ये एका पीटर्सबर्गच्या वर्तमानपत्रात मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतल्या प्राध्यापकांच्या भानगडींवर लेख आला, आणि त्यात 'वेगळ्या प्रकारच्या' प्रकरणांकडेही बोट दाखवलेलं होतं. तो वाचून चायकोव्स्की हादरला. घरच्यांना आपल्यामुळे मान खाली घालावी लागेल ही धास्ती त्याच्या पत्रांत पुन्हा पुन्हा येते. तुरुंगाची तितकी येत नाही.

ते लग्न

18 जुलै 1877 रोजी मॉस्कोतल्या एका चर्चमध्ये त्याने अंतोनिना मिल्युकोवाशी लग्न केलं. ती एकेकाळी कॉन्झर्व्हेटरीत शिकलेली. त्या वसंतात तिने त्याला प्रेमपत्रं लिहिली होती. त्याच दिवसांत तो 'येवगेनी अनेगिन' रचत होता, ज्यात तत्याना नावाची तरुणी प्रेमपत्र लिहिते आणि नायक तिला झिडकारतो. लग्नाआधी त्याने तिला सांगितलं होतं की मी फार तर भावासारखी माया देऊ शकेन. लग्नाला साक्षीदार दोनच होते: भाऊ अनातोली, आणि इओसिफ कोतेक. होय, तोच.

संसार अडीचेक महिने टिकला. तो मॉस्कोतून पळाला तो परत तिच्याबरोबर राहिला नाही. घटस्फोट कधीच झाला नाही. या काळात तो मॉस्को नदीच्या थंडगार पाण्यात उतरून उभा राहिला, न्यूमोनिया व्हावा म्हणून, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती त्याचा मित्र काश्किन याने पुष्कळ वर्षांनी लिहिलेल्या आठवणींतून आली आहे. त्या काळच्या पत्रांत तिला आधार सापडत नाही. नाटककारांना ती मोहात पाडणारच, पण प्रेक्षकाने ती ऐकताना तिचं मूळ ध्यानात ठेवावं.

त्याला सावरलं ते नादेझ्दा फॉन मेक या श्रीमंत विधवेने. वर्षाला सहा हजार रूबल ती त्याला देत असे, अट एकच: भेटायचं नाही. तेरा वर्षं दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली, भेट ठरवून टाळली. त्या पैशावर त्याने 1878 मध्ये नोकरी सोडली.

आणि आता ते पत्र, जे मला या सगळ्या कहाणीचा गाभा वाटतं. फेब्रुवारी 1878, फ्लॉरेन्स. अनातोलीला लिहिताना तो म्हणतो की लग्नाच्या त्या प्रकारानंतर मला अखेर उमजू लागलंय: स्वभावतः आपण जे आहोत ते नसावं म्हणून धडपडण्याइतकं निष्फळ दुसरं काही नाही. तो तेव्हा सदतीस वर्षांचा होता. चौथी सिम्फनी नुकतीच पुरी झाली होती, व्हायोलिन कॉन्चेर्तो पुढच्या काही आठवड्यांत व्हायचा होता. आयुष्यभर स्वतःच्या तिरस्कारात जळत राहिलेला दुःखी माणूस हे त्याचं चित्र कितीही वेळा रंगवलेलं असो, त्या पत्रातला माणूस तसा नाही. त्याने एक चूक केली, तिची किंमत एका स्त्रीलाही मोजायला लावली, आणि त्यातून स्वतःला ओळखलं. (फेल्डर फ्लॉरेन्समध्ये राहतो आणि डिसेंबर 2020 मध्ये, थिएटरं बंद असताना, त्याने चायकोव्स्कीवरचा प्रयोग याच शहरातून जगभर दाखवला. हा योगायोग मला आवडतो.)

कात्री कोणाच्या हातात होती

पहिली कात्री प्रेमाने चालवलेली. मोदेस्तने 1900 ते 1902 या काळात भावाचं तीन खंडांचं चरित्र प्रसिद्ध केलं. शेकडो पत्रं त्यात आहेत, पण ही बाजू वगळून. त्याला दोष देणं मला जमत नाही. 995 कलम जिवंत होतं, आणि तो भावाबरोबर स्वतःलाही झाकत होता.

पुढचा टप्पा अनपेक्षित आहे. 1917 च्या क्रांतीनंतर झारचे कायदे गेले, 1922 च्या नव्या दंडसंहितेत समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, आणि 1923 मध्ये चायकोव्स्कीच्या डायऱ्या छापून आल्या. झाकची आठवण तेव्हापासून छापील स्वरूपात आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी रशियात जे वाचता येत होतं, ते नंतर वाचता येईनासं झालं.

1934 पासून स्टालिनच्या राजवटीत समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा झाले, पाच वर्षांपर्यंत कैद. 1940 मध्ये घरच्यांना लिहिलेल्या पत्रांचा एक खंड निघाला. त्यात बरंच काही न कापता आलं होतं. तो तातडीने मागे घेतला गेला, दुसरा खंड निघालाच नाही. त्यानंतर सोव्हिएत अभ्यासकांनी समग्र पत्रव्यवहाराचं मोठं काम केलं. 1959 ते 1981 या काळात खंडामागून खंड आले, पण नको त्या जागी ओळी गाळून, टिंबं टाकून. काम विद्वत्तेचं होतं, आणि टिंबंही त्याच विद्वानांनी टाकली होती.

ती टिंबं भरली गेली सोव्हिएत संघ कोसळल्यावर. 1993 मध्ये गुन्ह्याचं कलम रद्द झालं. मॉस्कोजवळच्या क्लिन गावातल्या त्याच्या घरात, जिथे 1894 पासून संग्रहालय आहे, मूळ कागद सगळे नीट जपलेले होते. तिथल्या आणि बाहेरच्या अभ्यासकांनी गाळलेले उतारे 1990 च्या दशकात प्रसिद्ध केले. कागद कोणी जाळले नव्हते, ही गोष्ट मला फार दिलासा देते. कापणाऱ्यांनी छापील पान कापलं, हस्तलिखित नाही.

मग पुन्हा वळण. जून 2013 मध्ये रशियाने अल्पवयीनांमध्ये 'अपारंपरिक लैंगिक संबंधांचा प्रचार' करायला बंदी घालणारा कायदा केला. त्याच वर्षी चायकोव्स्कीवर सिनेमा निघणार अशी चर्चा होती, तेव्हा संस्कृतिमंत्री व्लादिमिर मेदिन्स्की म्हणाले की तो समलिंगी असल्याचा पुरावाच नाही. गंमत अशी की त्याच सुमारास पुतिन यांनी एका मुलाखतीत म्हटलं होतं की तो समलिंगी होता असं म्हणतात, आम्ही काही त्यासाठी त्याच्यावर प्रेम करत नाही, पण तो मोठा संगीतकार होता. मंत्री म्हणतो पुरावा नाही, अध्यक्ष म्हणतो असेल, पण काय त्याचं. दोन्हींतून सूचना एकच मिळते: त्यावर बोलू नका. डिसेंबर 2022 मध्ये बंदी सगळ्या वयांसाठी लागू झाली. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ' अतिरेकी ठरवली. फेल्डरचं नाटक 2017 चं आहे, पण त्यातलं आमंत्रण आज जास्त अवघड झालं आहे.

मृत्यूचं कोडं आणि नाटकाचा मोह

28 ऑक्टोबर 1893 रोजी सेंट पीटर्सबर्गला त्याने आपली सहावी सिम्फनी, 'पाथेटीक', स्वतः संचालन करून सादर केली. ती भाचा व्लादिमिर दाविदोव्ह याला अर्पण केलेली होती. 6 नोव्हेंबरला तो वारला. त्रेपन्न वर्षांचा होता. नऊ दिवसांचं हे अंतर आणि त्या सिम्फनीचा विझत जाणारा शेवट यामुळे अफवांना लगेच पाय फुटले. फेल्डरच्या नाटकाच्या जाहिरातीतही हेच नऊ दिवस पुढे केलेले होते.

अधिकृत कारण कॉलरा. शहरात तेव्हा साथ होती, डॉक्टरांनी उपचार केल्याच्या नोंदी आहेत. दुसरी कथा 1980 च्या आसपास गाजली. सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या अभ्यासक अलेक्सांद्रा ओर्लोवा यांनी ती प्रसिद्ध केली: एका सरदाराने झारकडे तक्रार केली, कायद्याच्या शाळेतल्या जुन्या सोबत्यांनी गुपचूप पंचायत भरवली आणि शाळेची अब्रू राखायला त्याला विष घ्यायला सांगितलं. ही कथा आली कुठून? पंचायतीत असलेल्या एकाच्या विधवेने एका ओळखीच्या माणसाला सांगितली, त्याने पुष्कळ वर्षांनी, 1966 मध्ये, ओर्लोवांना. लिखित कागद एकही नाही. चरित्रकार अलेक्झांडर पोझ्नान्स्की यांनी तिचा मुद्देसूद समाचार घेतला आहे, आणि मला त्यांचं पटतं. ज्या झारने मेश्चेर्स्कीला सांभाळलं, ज्याने चायकोव्स्कीला 1888 मध्ये वर्षाला तीन हजार रूबलांचं निवृत्तिवेतन दिलं आणि त्याच्या अंत्यविधीचा खर्च उचलला, त्याच्या राज्यात हे असं घडलं असेल हे मानायला बराच भक्कम पुरावा लागेल.

म्हणून या नाटकाबद्दल माझं मन दोन ठिकाणी आहे. पत्र हातात धरून प्रेक्षकांना थेट विचारणं ही त्यातली सर्वात ताकदीची गोष्ट. अभिलेखागारात बसून पत्रं वाचणारे किती? पण नट समोर बसून पियानो वाजवतो, त्याच तोंडाने सांगतो की हे लिहिणारा माणूस कोणावर प्रेम करत होता, तेव्हा सूर आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. टिंबांच्या जागी पुन्हा आवाज येतो. मात्र विषप्रयोगाचं गूढ पुढे केलं की जुनीच समजूत घट्ट होते: समलिंगी माणसाच्या आयुष्याचा शेवट शोकांतच व्हायचा. सहावी सिम्फनी त्याने निराशेच्या भरात मरणाची चिठ्ठी म्हणून लिहिली असंही मग म्हटलं जातं. प्रत्यक्षात ती रचताना तो समाधानी होता. भाच्याला त्याने लिहिलं की ही माझी सर्वात उत्तम, सर्वात प्रामाणिक कृती आहे.

आणखी एक उणीव आहे, ती फेल्डरची नव्हे, एकपात्री प्रकाराचीच. तिथे बोलणारा एकच असतो, म्हणून अंतोनिनाला स्वतःचा आवाज मिळत नाही. चरित्रकारांनीही तिला बराच काळ मूर्ख, वेडसर, संगीतकाराच्या मुळावर उठलेली बाई म्हणूनच रंगवलं. किरिल सेरेब्रेनिकोव्ह यांनी 2022 मध्ये कानच्या महोत्सवात दाखवलेला सिनेमा तिला मध्यभागी आणतो, पण तिचा ध्यास आणि तिची पडझड यांवरच त्याचा भर आहे. ती 1848 मध्ये जन्मली आणि 1917 मध्ये वारली. शेवटची वीसेक वर्षं मनोरुग्णालयात गेली. त्याआधी, 1894 मध्ये, नवऱ्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, तिने त्याच्याबद्दलच्या आठवणी लिहून छापल्या होत्या. त्यांत राग नाही, त्याच्याबद्दल कौतुक आहे. त्यांचं इंग्रजी भाषांतरही झालेलं आहे. चायकोव्स्कीवर पुढचं नाटक लिहिणाऱ्याने भावांना लिहिलेल्या पत्रांच्या शेजारी ती पानं ठेवून बसावं.